हवा तेवढाच झोल

घड्याळजींनी पाठचं झाकण उघडलं, फडक्याने पुसायला गेले आणि थांबले. झाकण उलटं करून त्यांनी माझ्यापुढे काचेवर ठेवलं. "मशीन नंतर बघू. आधी हे बघा."

झाकणाच्या आतल्या बाजूला, कडेपासून दोन-तीन मिलिमीटर आत, एक गोल रेघ उमटली होती. पूर्ण वर्तुळ मात्र नव्हतं. एका बाजूला ती ठळक, चमकदार आणि नखाला लागेल इतकी खोल होती. तिथून दोन्हीकडे पातळ होत होत समोरच्या बाजूला जवळजवळ विरून गेली होती. द्वितीया-तृतीयेची कोर असते तशी. शेजारी आधीच्या दुरुस्त्यांच्या वेळी कुणी कुणी टोकदार हत्याराने कोरलेल्या बारीक तारखा आणि खुणा होत्या. ही घड्याळजींची आपसातली टपालव्यवस्था. रेघ मात्र कुणी कोरलेली नव्हती. ती आतूनच, वर्षानुवर्षं घासून पडलेली.

घड्याळ मामाचं. मामा १९८० च्या दशकात कुवेतला ड्राफ्ट्समन होता. पहिल्या सुट्टीत रत्नागिरीला आला तेव्हा त्याच्या हातात हे ऑटोमॅटिक होतं. आमच्या वडिलांच्या मनगटावर एचएमटीचं जनता. रोज सकाळी आंघोळ झाली की देवाला हात जोडायच्या आधी ते घड्याळाला चावी देत. मामाच्या घड्याळाला चावी द्यावी लागत नाही याचं त्यांना कौतुक कमी, संशय जास्त. "मग हे चालतं कशावर?" "हातावर." "आणि हात थांबला की?" मामा नुसता हसला होता.

घड्याळ कोणत्या कंपनीचं ते सांगत नाही. चाळीस वर्षं हातावर काढून एखादा भाग झिजला तर तो कंपनीचा दोष म्हणायचा नसतो. मामा गेल्यावर ते माझ्याकडे आलं. दिवसभर नीट चाललेलं घड्याळ पहाटे कधीतरी थांबायचं. कानाशी धरून हलवलं की आतून खर्र असा आवाज यायचा, रॉकेलच्या रिकाम्या डब्यात वाळूचे चार कण असावेत तसा. महिनाभर मी ऑटोमॅटिक घड्याळाला रात्री झोपताना चावी देत होतो. वडील असते तर त्यांना बरं वाटलं असतं.

शाळेत रसग्रहणाच्या प्रश्नाला एक ठरलेला साचा असतो: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, प्रत्येकाला मोजून चार-चार ओळी. त्या साच्याने मला कवितांपासून काही वर्षं लांब ठेवलं. पण एखाद्या गोष्टीजवळ बसून ती अशी का आहे, इथे हेच का, दुसरं का नाही, असं विचारत राहायची सवयही तिथूनच लागली. ती सवय मी अलीकडे यंत्रांवर वापरतो. यंत्रं कवितेसारखी असतात असं माझं म्हणणं नाही. पण चांगल्या यंत्रातली एकही वस्तू उगाच नसते, आणि ते बऱ्याच कवितांबद्दल म्हणता येत नाही.

या घड्याळात वाचण्यासारखी वस्तू एकच: रोटरच्या मधोमध बसलेलं बेअरिंग.

रोटर म्हणजे अर्धवर्तुळाकार वजन. पत्रा पातळ, पण बाहेरची कड जाड आणि जड. तो मधल्या एका बिंदूवर टांगलेला असतो आणि आपण हात हलवला की आपल्या वजनाने खाली घसरत राहतो. त्याच्या त्या घसरण्यातून पुढची दातेरी चाकं फिरतात आणि शेवटी मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. घड्याळाला पोसणारी शक्ती म्हणजे आपल्या हाताच्या निरुद्देश हालचाली: चहाचा कप उचलणं, माशी हाकलणं, बसमध्ये वरची दांडी धरणं. त्यातली एकही हालचाल आपण घड्याळासाठी करत नाही. ही कल्पना मुळातच मला फार आवडते. दुसऱ्याच कुठल्या कामात सांडलेलं वेचून घ्यायचं आणि त्यावर दीड-दोन दिवस गुजराण करायची.

मात्र सगळा भार त्या मधल्या बिंदूवर. आणि तो भार सरळ नाही, एका बाजूला ओढणारा आहे. जात्याची वरची तळी अर्धी कापून टाका आणि उरलेली अर्धी फिरवा, म्हणजे मधल्या मेखेवर काय ओढवतं ते कळेल. पूर्ण तळी मेखेवर समतोल बसते. अर्धी तळी मेखेला सतत एका अंगाला वाकवू पाहते. शिवाय घड्याळातलं हे अर्धं जातं कधी आडवं असतं, कधी उभं, कधी उलटं. त्यातच घड्याळ हातातून फरशीवर पडलं तर त्या वजनाचा हिसका मध्यावरच बसतो. बॅलन्सच्या, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या चाकाच्या, बारीक टोकांना हिसका सोसायला छोट्या स्प्रिंगांची गादी दिलेली असते. रोटरच्या मध्याला अशी गादी सहसा कुणी देत नाही.

म्हणून ऑटोमॅटिक घड्याळाचा इतिहास, माझ्या मते, वजनाचा नाहीच. तो मध्याचा इतिहास आहे. वजन हलतं आणि त्याने स्प्रिंग भरता येते हे अठराव्या शतकातच कळलं होतं. ले लॉक्लच्या आब्राम-लुई पेरेलेच्या घड्याळाबद्दल जिनिव्हाच्या कलासंस्थेचा १७७७ सालचा अहवाल आहे: पंधरा मिनिटं चाललं की ते आठ दिवस चालण्याइतकं भरतं. आत नेमकं काय होतं हे त्या अहवालात नाही, त्यामुळे वाद आहे. लिएजच्या ह्यूबेर सार्तोंने १७७८ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीकडे दिलेल्या रचनेत रोटर स्पष्ट दिसतो, म्हणून काहीजण मान त्याला देतात. पण ती खिशातली घड्याळं. खिशात घड्याळ फारसं हलतच नाही, आणि कल्पना बरीचशी पडून राहिली.

मनगटी घड्याळ रुळल्यावर ती पुन्हा उचलली जॉन हारवुडने. आइल ऑफ मॅन बेटावरचा हा घड्याळ दुरुस्त करणारा माणूस. चावीच्या भोकातून धूळ-पाणी आत जातं हे रोज बघून त्याने ठरवलं की चावीच नको. १९२४ साली त्याला स्विस पेटंट मिळालं. त्याच्या घड्याळाला बाहेर चावीचा खुंटाच नव्हता. काटे लावायचे ते काचेभोवतालची कड फिरवून. दुरुस्ती करणाऱ्या माणसाच्या वैतागातून आलेली ही रचना असल्यामुळे मला तिच्याबद्दल विशेष प्रेम आहे. त्यातलं वजन मात्र पूर्ण चक्कर मारत नसे. दोन स्प्रिंगांवर आपटून मागेपुढे करी. पूर्ण ३६० अंश फिरणारा रोटर मनगटी घड्याळात रुळवला रोलेक्सने, १९३१ साली. आता वजन मोकळं झालं. पण मोकळं झालेलं वजन एका बारीक आसावर फिरणार, आणि आस बारीक म्हटला की झुकण्याचं बळ सगळं त्या आसाच्या दोन कडांवर येणार.

१९४८ साली ग्रेंखेनच्या एटर्ना कंपनीने याचं जे उत्तर काढलं ते इतकं साधं आहे की हसू येतं. त्यांनी मध्य रुंद केला. बारीक आसाऐवजी एक कडं, कड्याच्या आत दुसरं कडं आणि दोघांच्या मधल्या खाचेत पाच पोलादी छर्रे. सायकलच्या चाकात असतात तेच, फक्त एकेकाचा व्यास ०.६५ मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याहून कमी. आसावर जो भार दोन कडांवर घासत होता तो आता रुंद वर्तुळावर वाटला गेला. वर घासण्याच्या जागी घरंगळणं आलं. कंपनीला या पाच छर्र्यांचं इतकं अप्रूप वाटलं की पाच ठिपके हेच तिचं बोधचिन्ह झालं, आणि ते आजही तसंच आहे. एखाद्या घराण्याने आपल्या नावापुढे न दिसणाऱ्या कामगारांची नावं लावावीत तसं हे. एटर्नाच्याच घरातून १९३२ साली सुटी मशिनं बनवणारी एटा वेगळी निघाली होती; तिची मशिनं पुढे कितीतरी वेगवेगळ्या नावांच्या घड्याळांत गेली, आणि छर्र्यांवरचा रोटर जगभर पसरला. आसावरच्या रोटरशी दशकानुदशकं इमान राखलेल्या रोलेक्सनेही २००० साली ४१३० या क्रोनोग्राफ मशिनात आणि २०१५ साली ३२३५ मध्ये छर्रे घेतले.

बेअरिंग नेमकं कसं असतं ते मी भिंगातून पाहिलं. बाहेरचं कडं रोटरच्या पत्र्यात रिव्हेट केलेलं. त्याच्या खालच्या अंगाला दाते, म्हणजे रोटर फिरला की हेच दाते पुढच्या चाकाला ढकलतात. आतलं कडं पुलावर, म्हणजे मशिनाच्या स्थिर पट्टीवर, स्क्रूने घट्ट, ते जागचं हलत नाही. बाहेरच्या कड्याला आतून इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच. आतलं कडं मात्र एक नसून दोन निमुळत्या भागांचं, समोरासमोर दाबून बसवलेलं, कारण अखंड असतं तर छर्रे आत शिरले कसे असते? छर्रे एकमेकांना चिकटून गर्दी करू नयेत म्हणून त्यांच्यामध्ये पातळ पत्र्याची जाळी. सगळा कारभार डाळीच्या दाण्याएवढ्या जागेत.

आणि या सगळ्याचा आत्मा म्हणजे झोल.

झोल म्हटलं की मुंबईकराला घोटाळा आठवतो. कारागिराचा झोल वेगळा. दोन भागांमध्ये जी जाणूनबुजून ठेवलेली सैल जागा, ती. बेअरिंगमध्ये झोल शून्य असेल तर छर्रे जखडतात, रोटर फिरत नाही. जास्त असेल तर रोटर डुगडुगतो. मधला जो योग्य झोल, तो मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शांत मोजायचा. एक हिशेब करून बघितला. छर्र्यांच्या वाटेचा व्यास ४ मिलिमीटर धरा आणि त्यात वरखाली ०.०२ मिलिमीटरचा झोल धरा. डोक्यावरचा केस साधारण ०.०७ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे हा झोल केसाच्या पावपटीहून थोडा जास्त. पण रोटरची कड मध्यापासून साडेबारा मिलिमीटर लांब. तिथे पोचेपर्यंत हाच झोल तिप्पट होऊन ०.०६ च्या पुढे जातो. मध्यावर पाव केस, कडेला जवळजवळ अख्खा केस. मध्यावरची झीज आणखी थोडी वाढली की कड झाकणाला टेकते. झाकणावरची रेघ ती हीच.

इथे मी रसग्रहणाच्या सवयीने जरा पुढे गेलो. झाकणावर रेघ पडायची तर घड्याळ डायल वर करून असलं पाहिजे, तेव्हाच रोटर झाकणाकडे लोंबतो. आणि रेघ एकाच बाजूला खोल होती. झाकण बसवून पाहिलं तर ती बाजू चावीच्या बरोबर समोर, नऊच्या आकड्यामागे यायची. म्हणजे वजन बराच काळ तिथेच झुकलेलं असणार. मामा ड्राफ्ट्समन. ड्रॉइंगचा तिरपा बोर्ड, त्यावर डावा हात सेटस्क्वेअर दाबून पालथा ठेवलेला, बोटं वर चढाकडे, कोपर खाली उताराकडे. चावीची बाजू बोटांकडे म्हणून वर, नऊची बाजू खाली. डायल वर, वजन नऊकडे. जमलं की! वीस वर्षांचं मामाचं बसणं त्या कोरीत उतरलं होतं. मी हे घड्याळजींना उत्साहाने सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, हे झाकण आट्यांचं आहे. दर वेळी उघडून लावलं की थोडं पुढे-मागे बसतं. आत चार तारखा कोरल्यात, म्हणजे निदान चारदा उघडलंय."

"पण थोडंच पुढे-मागे ना?"

"थोडंच." त्यांनी झाकण पुन्हा भिंगाखाली घेतलं. "असेलही तुमचे मामा म्हणतात तसे."

मामांनी काहीच म्हटलं नव्हतं, मी म्हटलं होतं. पण एवढा टोमणा मला पुरला. वाचताना पानावर जे आहे ते आणि आपल्याला जे हवं ते यांत घोळ होतो, हे कवितेच्या बाबतीत मला कुणी इतक्या कमी शब्दांत सांगितलं नव्हतं. तरी तो ड्रॉइंगबोर्ड मी अजून मनातून काढलेला नाही.

त्यांनी मधला स्क्रू काढून रोटर उचलला. पुलावर, जिथे रोटर फिरत होता त्याखाली, बारीक सोनेरी-करडी भुकटी सांडलेली. बेअरिंगच्या कडेला तपकिरी लेप, जुन्या तेलाचा आणि झिजलेल्या धातूचा. मला वाटलं, मळच आहे, धुतला की झालं. त्यांनाही आधी धुऊनच बघायचं होतं. छोट्या काचेच्या वाटीत पेट्रोल, त्यात रोटर, ब्रशने हलकं फिरवणं, मग रबरी फुग्याने हवा. कोरडा झाल्यावर रोटर पुन्हा लावून त्यांनी लाकडी काडीने त्याची कड उचलून पाहिली. आधीपेक्षा जास्त हलली! आवाजही वाढला. मी त्यांच्याकडे पाहिलं.

"मळानेच भरून निघाला होता झोल," ते म्हणाले. "आता खरं दिसतंय."

पुढचा प्रश्न दुरुस्ती की बदल, आणि बदल तर काय बदलायचं. इथे घड्याळजी लोकांचे पंथ पडतात. एक जुना, घाईचा उपाय ठोकण्याचा. साध्या आसावरच्या रोटरमध्ये भोक मोठं झालं असेल तर गोल तोंडाच्या पंचाने भोकाभोवती ठोकून ते आवळतात; वर्ष-दोन वर्षं निघतात. छर्र्यांच्या बेअरिंगवर हाच प्रयोग केला तर आतले दोन निमुळते भाग जवळ येतात, झोल कमी होतो खरा, पण झिजलेल्या वाटेतले खड्डे तसेच राहतात आणि छर्रे चांगल्या जागी जखडतात, वाईट जागी सैल पडतात. आवळणं कुणालाही जमतं. या जागी काम नेमकं सैल ठेवण्याचं आहे. दुसरा उपाय, अख्खा रोटरच बदलायचा. बाजारात मिळतो, बेअरिंगसकट, आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा तो नुसतं बेअरिंग बदलण्याच्या मजुरीहून स्वस्त पडतो. काही मशिनांसाठी सुटं बेअरिंग विकतच नाहीत, तेव्हा दुसरा इलाज नसतो. मग एखाद्या मेलेल्या मशिनाचा रोटर काढतात. प्रत्येक घड्याळजीकडे पत्र्याच्या डब्यात अशी मेलेली मशिनं साठवलेली असतात, बरणीतल्या लोणच्यासारखी जपून.

या घड्याळाच्या रोटरवर जुनं कोरीव काम होतं. घड्याळजींचं म्हणणं, सुटं बेअरिंग मिळतंय का बघतो, रोटर हाच ठेवू. मला ते पटलं, पण कोरीव कामामुळे नव्हे. झिजलं ते बेअरिंग. पत्रा आणि कड आणखी पन्नास वर्षं जातील. बिघडलेल्या शब्दासाठी अख्खं कडवं खोडायचं कशाला? बेअरिंग तीन आठवड्यांनी मुंबईहून आलं, कागदाच्या पुडीत, औषधाच्या गोळीसारखं.

बदलण्याचं काम बघायला मी मुद्दाम जाऊन बसलो. एकूण चाळीसेक मिनिटं. त्यातली पस्तीस तयारीची. पहिलं काम कापायचं. जुनं बेअरिंग रोटरच्या पत्र्यात रिव्हेट केलेलं, म्हणजे त्याच्या कडेचा धातू फुलवून पत्र्यावर बसवलेला. तसंच ठोकून काढलं तर जाताना ते पत्र्याचं भोक फाडून मोठं करतं, आणि मग नवं बेअरिंग कशात बसणार? म्हणून त्यांनी रोटर छोट्या लेथवर चढवला आणि फुललेला धातू केसाकेसाने उतरवला. हत्यार लावायचं, अर्धा फेरा, मागे घ्यायचं, भिंग, पुन्हा. पत्र्याला पातं लागता कामा नये. त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आली होती; लहान मुलांची चित्र रंगवताना येते तशी.

मग उभ्या खांबात पंच सरळ धरून ठेवणारं एक जड हत्यार पुढे आलं. खाली पोकळ आधार, त्यावर रोटर, वर सपाट पंच, आणि इवल्या हातोडीचा एकच टोला. जुनं बेअरिंग टक् करून खाली आधाराच्या पोकळीत पडलं.

नवं बसवताना दात्यांची बाजू खाली हे त्यांनी दोनदा तपासलं. आणि मग एक गोष्ट केली जी मला स्वतःहून कधीच सुचली नसती. खालचा आधार त्यांनी बदलला. आधी लावलेला काढून थोडा मोठ्या तोंडाचा लावला, म्हणजे टेकू फक्त बाहेरच्या कड्याला मिळेल, आतल्याला नाही.

"का?"

"ठोका बाहेरून बाहेर गेला पाहिजे. आतल्या कड्याला टेकू असला तर ठोका छर्र्यांतून जातो. छर्रा वाटेत रुततो. डोळ्याला दिसणार नाही इतका खड्डा. नवं बेअरिंग बसवतानाच जुनं होतं."

गोल तोंडाचा पोकळ पंच, हलके ठोके, प्रत्येक ठोक्यानंतर रोटर थोडा फिरवून पुढचा. सहा-सात ठोके. एकाच जागी ठोकलं तर पत्रा तिथे बसतो आणि रोटर वाकडा होतो. मग उत्तम बेअरिंगवर वाकडा रोटर फिरवायचा आणि झाकणावर नवी रेघ ओढायची. म्हणून शेवटी त्यांनी चिमट्यात आतलं कडं धरून रोटर सोडला आणि कड डोळ्यांच्या रेषेत आणून फिरवली, उदबत्ती ओवाळावी तशी सावकाश. वर-खाली होत नव्हती.

इथे काम संपलं असं मला वाटलं. ते अर्ध्यावर होतं. ती सोनेरी भुकटी विसरून चालत नाही. झिजलेलं बेअरिंग आणि घासणारी कड यांतून निघालेला धातू मशिनात कुठे कुठे गेलेला असतो: दिशा बदलणाऱ्या चाकांत, तेलाच्या थेंबांत, कधी बॅलन्सच्या केसासारख्या स्प्रिंगवर. तेलात मिसळली की ती भुकटी पॉलिश पेपरचं काम करते. म्हणून बेअरिंगपुरती दुरुस्ती करून देणाऱ्याला घड्याळजी मनातून कमी लेखतात. आमच्या घड्याळजींनी सगळं मशीन सुटं केलं. त्यात मात्र नेहमीच्या सर्व्हिसिंगपलीकडे काही नव्हतं आणि मला जेवायला घरी जायचं होतं.

दोन दिवसांनी गेलो तेव्हा घड्याळ जुळून तयार होतं, झाकण मात्र उघडं ठेवलेलं, मला दाखवायला. त्यांनी लाकडी काडीच्या टोकाने रोटरची कड उचलली. जेमतेम हलली. हलली असं म्हणण्यापेक्षा कडेवरचा प्रकाश हलला.

"एवढा हवा," ते म्हणाले.

मशीन उभं धरलं. रोटर खाली घसरला, पलीकडे थोडा चढला, परत आला, पुन्हा थोडा, आणि कुरकुर न करता खाली येऊन विसावला. आधी तो वाटेत कुठेही अडकून उभा राहायचा, अपमान झाल्यासारखा. कानाशी धरून हलवलं. खर्र नाही. एक मऊ, दूरचा सर्र, रेशमी साडीचा पदर दारातून जावा तसा. माझ्या मते ऑटोमॅटिक घड्याळाची खरी भाषा ही. टिकटिक सगळ्याच घड्याळांना असते.

झाकणावरची रेघ त्यांनी घासून काढलेली नव्हती. मी विचारलंही नाही. रेघेशेजारी त्यांची स्वतःची बारीक तारीख आली होती, पाचवी.

"जुन्याचं काय केलंत?"

त्यांनी ड्रॉवरमधून पुडी काढली. मला आतले छर्रे बघायचे होते. आढेवेढे न घेता त्यांनी जुनं बेअरिंग पांढऱ्या कागदावर धरलं, एका पंचाने आतला भाग दाबला, तो सुटला, आणि छर्रे कागदावर सांडले. भिंगातून पाहिले तर ते चकचकीत, गोल. चाळीस वर्षं राबलेले वाटतच नव्हते. खाच मात्र जागोजागी खरवडलेली, पावसाळ्यानंतरच्या घाटातल्या रस्त्यासारखी.

"छर्रे सगळीकडून सारखे झिजतात, म्हणून गोलच राहतात," ते म्हणाले. "वाट खराब होते."

मी मोजले. सहा. जाळीत जागा सात होत्या.

"एक पडला," मी म्हणालो. "राहू द्या, जुनाच तर होता."

पण ते खुर्चीवरून उतरले होते. घड्याळांपासून लांब, टेबलाच्या पार पलीकडच्या खणात ठेवलेलं लोहचुंबक त्यांनी काढलं, कागदात गुंडाळलं, आणि गुडघ्यांवर बसून फरशी तपासायला लागले, टाइलच्या फटी एकेक करत.